खसखशीएवढा

दुधाच्या हिशेबाच्या वहीत अगदी शेवटच्या पानावर मी तीन आकडे लिहून ठेवले होते. 28, 34, 27. शेजारी तारखा. पुढच्या पानांवर गवळ्याचे खाडे आणि मागच्या पानावर नातवाच्या हृदयाचा हिशेब. वेगळी वही करायचा धीर झाला नव्हता. वेगळी वही केली की आजार घरात कायमचा मुक्कामाला आला असं वाटलं असतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. आकड्यांशी माझा संबंध भिशी आणि ब्लाउजची मापं यापलीकडे कधी आला नाही. पण या तीन आकड्यांनी मला जे करायला लावलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नातू तेव्हा साडेचार वर्षांचा होता. लेक इचलकरंजीला दिलेली. त्या पावसाळ्यात त्याला ताप आला, खोकला झाला. चार दिवसांत ताप उतरला, पण पोर काही टवटवीत होईना. पोट दुखतं म्हणायचा, जेवायचा नाही. रात्री आडवा केला की उठून बसायचा आणि उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. लेक म्हणाली, "आई, ह्याला जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या की दम लागतोय गं." आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. छातीचा एक्स-रे काढला तर हृदय मोठं दिसलं. मग कोल्हापूरला इको झाला आणि एक नाव घरात आलं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू दुबळा होतो, कप्पा फुग्यासारखा पसरतो आणि रक्त जोरानं बाहेर फेकता येत नाही. कधी विषाणूमुळे होतं, कधी घराण्यातून येतं, आणि बऱ्याच मुलांत कारण सापडतच नाही. आमच्याही पोरात सापडलं नाही.

इको म्हणजे तसं साधं प्रकरण. छातीवर गार जेली लावायची, त्यावरून एक प्रोब फिरवायचा, आणि आवाजाच्या ज्या लहरी आपल्याला ऐकू येत नाहीत त्या आत जाऊन, आपटून परत आल्या की त्यांचं चित्र पडद्यावर उमटतं. रिपोर्टमध्ये पंधरा-वीस मापं असतात. घरचे वाचतात ते एकच, ई.एफ., म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं शेकडा किती एका ठोक्यात बाहेर गेलं ते. चांगल्या हृदयात हा आकडा साधारण 55 ते 70. आमच्या पोराचा 28.

औषधं सुरू झाली. लघवी होऊन अंगातलं पाणी कमी व्हायचं एक, हृदयावरचा भार हलका करायचं एक, आणखी एक-दोन. मोठ्यांच्या गोळ्यांचे चार चार तुकडे करायचे, पूड करायची आणि चाटवायची. औषधाच्या दुकानातल्या मुलानं सहज सांगितलं, "मधात कालवून द्या." आम्ही जैन. आमच्याकडे मध चालत नाही. लेकीनं साखरेचा घट्ट पाक करून बाटलीत भरून ठेवला आणि त्याच्या चमच्यात ती पूड द्यायला लागली. ही एवढीशी गोष्ट पुढे किती मोठी होणार आहे, ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

तीन महिन्यांनी पुण्याला दाखवलं. 34 आला. जावयांचा फोन आला तेव्हा मी देवासमोरच होते. 28 वरून 34! ह्यांनी पेढे आणले, गल्लीत वाटले. बसदीत जाऊन मी अभिषेकाची पावती केली. विहीणबाईंनी फोनवर मला म्हटलं, "तुमच्या लेकीनं पोराला जिवापाड जपलं हो." ते वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होते.

त्यानंतर महिनाभरानं पोराला पुन्हा ताप आला. काळजी म्हणून जवळच्याच एका ठिकाणी इको करून घेतला. 27.

ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण चूक कुणाचीच नव्हती. चूक झाली ती आमच्या घरात. ज्या विहीणबाई लेकीला नावाजत होत्या, त्याच आता विचारायला लागल्या, "औषध वेळेवर देत होतीस ना? तो पाक-बिक घालून औषधाचा गुण जात असंल की!" जाऊबाई म्हणाल्या, गोळीचे तुकडे करताना निम्मी पूड उडून जात असेल. जावई बोलले काही नाहीत, पण त्यांनी गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातून उचलून आपल्या कपाटात ठेवला. बोलण्यापेक्षा ते लेकीला जास्त लागलं.

आणि मी? मी इचलकरंजीला गेले ते लेकीच्या बाजूनं भांडायला. निदान घरातून निघताना तरी तसंच मनात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना मी तो डबा काढला, स्ट्रिपा बाहेर घेतल्या आणि मोजायला बसले. रोज दोन वेळा पाव पाव, म्हणजे दोन दिवसांना एक गोळी. आणल्याची तारीख बिलावर होती. बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. उरलेल्या पाव तुकड्यांची पुडी सोडून तेही मोजले.

"किती निघाल्या?"

लेक दारात उभी होती.

"बरोबर आहेत," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. गोळ्या बरोबर निघाल्या याचं मला जराही समाधान वाटलं नाही. त्या बरोबर निघाल्या म्हणून मला जास्त लाज वाटली. कमी-जास्त निघाल्या असत्या तर मोजण्याला काही निमित्त तरी मिळालं असतं. ह्या बाईला मी नऊ महिने पोटात वागवलं होतं, आणि एका कागदावरच्या आकड्यासाठी तिची झडती घेतली.

पुढे बेळगावात लहान मुलांच्या हृदयाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, रिपोर्टचे कागद नकोत, आधीच्या इकोच्या सीडी आणा. मला नवल वाटलं. आकडा कागदावर आहे की! सीडी काय करायची?

त्यांनी पोराला दूध पाजून झोपवायला सांगितलं. गाढ झोपला तेव्हा इको केला. मग पुण्याची सीडी, जवळच्या ठिकाणची सीडी आणि स्वतः काढलेलं चित्र अशी तिन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावली. राखाडी पडद्यावर तीन हृदयं धडधडत होती. मला ती सारखीच दिसली. माझ्या अडाणीपणामुळे सारखी दिसतात असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "आजी, मलापण सारखीच दिसतात."

मग त्यांनी पुण्याचं चित्र आपल्या हातानं मोजलं. 31. दुसरं मोजलं. 30. आणि मग त्यांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना मनातून नमस्कार केला. स्वतःच काढलेलं चित्र त्यांनी आमच्यासमोर तीनदा मोजलं. 31, 29, 32. "हात माझा, मशीन तीच, पोर तेच, ठोका तेवढा वेगळा," त्या म्हणाल्या. "आता सांगा, ह्याचं खरं किती?"

लेक माझ्याकडे बघत नव्हती. पडद्याकडे बघत होती.

मग बाईंनी कागद घेतला. माझ्यासारखीला कळेल असं समजावलं, म्हणून मी जमेल तसं सांगते. कप्प्याची जाडी, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर, पडद्यावर दोन फुल्या ठेवून मोजतात. एकदा कप्पा पूर्ण फुगलेला असताना, एकदा पूर्ण आवळलेला असताना. आमच्या पोराचं फुगलेलं माप 44 मिलिमीटर आणि आवळलेलं 37. म्हणजे कप्पा 7 मिलिमीटर आवळला. 44 मध्ये 7, शेकडा 16. आता फुली ठेवताना एकेका मिलिमीटरचा फरक पडला, 45 आणि 36 आले, तर 45 मध्ये 9, शेकडा 20. उलट्या बाजूला पडला, 43 आणि 38, तर 43 मध्ये 5, शेकडा 12 सुद्धा होत नाहीत. एक मिलिमीटर म्हणजे खसखशीचा एक दाणा. तो दाणा इकडे पडला तर पोर सुधारलं, तिकडे पडला तर बिघडलं!

मी आयुष्यभर ब्लाउज शिवले. छातीचं माप घेताना बाई श्वास ओढून उभी राहिली की अर्धा इंच हललाच म्हणून समजा. टेप जरा तिरका धरला की गेलं माप. पण ब्लाउजची बाई निदान उभी तरी राहते. इथे तर हृदय मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा नाचतंय. मिनिटाला 120 ठोके असले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्या अर्ध्या सेकंदातलं कुठलं चित्र पूर्ण आवळलेलं धरायचं, हे माणूस ठरवतो. प्रोब जरा तिरका बसला तर कप्पा आहे त्याहून आखूड दिसतो. पसरलेल्या हृदयात आतली भिंत पुष्कळदा गुळगुळीत नसते, जाळीजाळीची असते; रेघ जाळीच्या आतून ओढायची की बाहेरून, इथेही हाताहातात फरक. शिवाय ई.एफ. काढायच्या रीतीच वेगवेगळ्या. कुणी एका सरळ रेषेवरच्या जाडीवरून काढतं, कुणी दोन बाजूंनी कप्प्याची कड आखून त्याचं आकारमान काढतं, आणि घाई असली की कुणी अनुभवी नजरेनंच अंदाज लिहितं. कागदावर मात्र तिन्ही ठिकाणी नुसतं ई.एफ. एवढंच. बाई म्हणाल्या, दोन चांगल्या, शिकलेल्या माणसांनी मोजलं तरी पाच ते दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. आमच्या 34 आणि 27 मध्ये फरक होता सातचा.

शिवाय खुद्द हृदयही एकसारखं चालत नाही. तापात, रडताना, अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की त्याचा जोर खरोखरच बदलतो. त्या 27 च्या दिवशी पोराच्या अंगात ताप होता आणि जेली गार लागली म्हणून ते आकांत करत होतं. चौघांनी धरून ठेवलं होतं. मी तिथे होते, पाय मीच धरले होते, तरीही नंतर मला ते आठवलं नाही.

जावयांनी विचारलं ते बरोबरच होतं. म्हणाले, "मग मॅडम, इको करायचा तरी कशाला?" त्यावर बाई जरा कडक झाल्या. इकोनंच तर आजार सापडला, त्या म्हणाल्या. 28 आणि 60 यांतला फरक खसखशीचा नसतो. कप्पा पसरलाय, झडपेतून रक्त मागे गळतंय, आत कुठे गुठळी झालीय का, हे सगळं त्यातूनच कळतं. पण 34 चे 27 झाले म्हणून रडायचं नाही आणि 27 चे 34 झाले म्हणून पेढे वाटायचे नाहीत. (पेढ्यांचं त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. ह्यांनी मान खाली घातली.) शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच रीतीनं, पोर शांत असताना, आणि जुनं चित्र शेजारी लावून बघायचं. एका ठोक्यावर न थांबता तीन ठोक्यांची सरासरी घ्यायची. आणि आकड्याबरोबर पोर बघायचं. वजन वाढतंय का, उंची वाढतेय का, जेवताना घाम येतो का, जिना किती थांबून चढतो.

तेव्हा लेक पहिल्यांदा बोलली. "मॅडम, आधी सहा पायऱ्यांवर थांबायचा. आता अख्खा जिना चढतो, वर गेल्यावर बसतो." बाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे कधीपासून? मला तारीख सांगा." लेकीनं तारीख सांगितली. ती 27 आकडा येण्याच्या पंधरा दिवस आधीची होती.

एवढे दिवस तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे मी जरा खोदून खोदून वाचलं, भाच्याकडून काही काही समजावून घेतलं. या मापांवर लोकांनी किती डोकं घातलंय ते बघून बरं वाटलं. उत्तर अमेरिकेतल्या आठ केंद्रांनी मिळून हाच आजार असलेल्या 131 मुलांचे इको असे पुन्हा पुन्हा काढून, पुन्हा पुन्हा मोजून तपासले. त्याच माणसानं पुन्हा मोजलं तर किती फरक, दुसऱ्यानं मोजलं तर किती, चित्रच नव्यानं काढलं तर किती. 2012 साली त्याचा निबंध आला. एका ठोक्यापेक्षा काही ठोक्यांची सरासरी घेतली की मापं जास्त स्थिर राहतात, हे त्यात दाखवलंय. म्हणजे आमच्या बाई काही मनचं सांगत नव्हत्या. इकोचा जन्म तर स्वीडनमधल्या लुंड गावातला, 1953 चा. एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. त्यांनी जहाजाच्या कारखान्यातलं, धातूतली खोट शोधायचं यंत्र बघितलं आणि तसलंच यंत्र माणसाच्या छातीला लावलं. पत्रा बिचारा गप्प पडून असतो. त्याला ताप येत नाही की तो गार जेलीला भिऊन रडत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवून स्वाध्यायाला बसायचे. 'स्यात्' या शब्दावर त्यांचा फार जीव. लोक त्याचा अर्थ 'कदाचित' असा करतात, त्याचा त्यांना राग यायचा. "कदाचित म्हणणारा डळमळीत असतो," ते म्हणायचे. "स्यात् म्हणजे अमुक एका अपेक्षेनं. त्या अपेक्षेनं ते खरंच आहे, पक्कं आहे." लहानपणी मला हा शब्दांचा कीस वाटायचा. बेळगावच्या त्या अंधाऱ्या खोलीत 31, 29, 32 बघताना अण्णांचा आवाज कानात आला. 27 खोटा नव्हता. त्या दिवशी, त्या तापात, त्या रडण्यात, त्या हातानं, त्या रीतीनं तो 27 होता. आम्ही त्याच्या मागची सगळी अपेक्षा पुसून टाकली, नुसता आकडा घरी आणला आणि लेकीच्या डोक्यावर आपटला.

विहीणबाईंनी नंतर तिची माफी-बिफी मागितली नाही. आमच्याकडे सासवा सुनांची माफी मागत नाहीत. एके दिवशी त्यांनीच साखरेचा पाक करून बाटली भरून ठेवली, एवढंच. जावयांनी डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणून ठेवला. माझं तेवढं सोपं नव्हतं. मी तिची आई. मी एकदा फोनवर विषय काढला, "त्या दुपारी मी गोळ्या मोजल्या ना..." तर म्हणाली, "जाऊ दे गं आई. मी पण रोज रात्री मोजायचे." पुढे मला काही बोलता आलं नाही. तिनंही फोन ठेवला नाही. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

आता शेवटचं पान भरत आलंय. तीन आकड्यांखाली आणखी पाच आलेत, 31, 33, 30, 35, 34. पण आता नुसते आकडे लिहीत नाही. समोर लिहिते: बेळगाव, झोपेत, तीन ठोके. किंवा: जागा होता, मोबाइल दाखवून, सर्दी. पलीकडच्या रकान्यात लेक फोनवर सांगते ते, वजन, उंची आणि जिना. जिन्याच्या रकान्यात गेल्या दोन खेपांना 'थांबत नाही' असं लिहिलंय. औषधं चालूच आहेत. बाई म्हणतात, चालूच राहतील.

गेल्या खेपेला मीही बरोबर होते. आत जायच्या आधी सिस्टर वजन घेतात. वजनावर औषधाचं माप ठरतं, अंगात पाणी साचलं तर तेही आधी वजनातच दिसतं, आणि उंची-वजनाच्या मानानं कप्पा किती मोठा ते काढायलाही तेच लागतं. म्हणून बाई त्या बाबतीत काटेकोर आहेत. नातू आता पहिलीत आहे. कुणी न सांगताच त्यानं बूट काढले, स्वेटर काढला, काट्यावर चढला. मग काय आठवलं की, पुन्हा खाली उतरला, चड्डीच्या दोन्ही खिशांतले चिंचोके काढून माझ्या ओंजळीत ओतले, आणि पुन्हा चढून सरळ उभा राहिला.

"आता बघा," तो सिस्टरना म्हणाला.